पट्टा कितव्या खाचेवर

ॲशलंड, मेन
३ जानेवारी १९७८

ती. हेस्टर आत्यास,
कोरीनचा सा. न. वि. वि.

लग्नानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. तुम्ही पाठवलेले डझनभर टॉवेल आणि शब्दकोश दोन्ही वापरात आहेत. लुसियन म्हणतो, टॉवेल अंग पुसायला आणि शब्दकोश आत्याबाईंना पत्र लिहिताना घाम पुसायला. तुम्ही लग्नाला आला नाहीत त्याबद्दल मी काही विचारत नाही. बाबांनी बजावलं आहे, तिला कारणं विचारायची नाहीत.

काम असं आहे. लुसियन आता लाकूडतोड्यांच्या टोळीबरोबर उत्तरेकडच्या रानात जातो. सकाळी पारा उणे पंचविसावर असतो. हेल्मेटखाली तो एक जुनी सुती टोपी घालतो, तिच्यातून कान बाहेर राहतात, आणि संध्याकाळी घरी आला की ते उकडलेल्या बिटासारखे दिसतात. बाबा म्हणाले, एके काळी तुम्ही अख्ख्या गल्लीला टोप्या विणून द्यायचात, मग अचानक सुया ठेवून दिल्यात. मला साधी, पट्ट्यांच्या विणीची कानटोपी शिकवाल का? माझी मजल आजवर मफलरपर्यंतच गेली आहे. त्याचा वाढदिवस सोळा तारखेला आहे.

घरात अजून फोन नाही. निरोप असला तर नाक्यावरच्या टेरिओबाईंच्या दुकानात द्यावा लागतो, आणि तो आधी सगळ्या गावाला कळतो. म्हणून पत्रच बरं.

राग असला तरी उत्तर यावं.
तुमची कोरीन


बँगोर
७ जानेवारी १९७८

चि. कोरीन हिस अनेक आशीर्वाद.

राग नाही. पत्र मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही.

लोकर मध्यम जाडीची, एकपदरी घे. आधी चार इंचांचा चौकोनी नमुना विण आणि एका इंचात किती टाके बसतात ते मोज. नमुना विणायचा कंटाळा करणारी बाई टोपी दोनदा विणते. लुसियनच्या डोक्याचं माप कपाळावरून, कानांच्या वरून, फीत घट्ट धरून घे. त्यातून तीन इंच वजा कर. दोन सुलट, दोन उलट ही वीण ताणली जाते, म्हणून टोपी डोक्याहून लहानच हवी; डोक्याएवढी विणलीस तर ती आठवड्यात डोळ्यांवर येईल. उरलेल्या इंचांना टाक्यांनी गुण, आणि येईल तो आकडा चाराने भागला जाईल असा कर. हे तिसरीचं गणित आहे, तुला जमेल.

गोल सुईवर विण, म्हणजे शिवण येणार नाही. आठ इंच झाले की टाके कमी करत ये. शेंडा सपाट असू दे. गोंडा नको.

एक गोष्ट विचारते, तिचं उत्तर नक्की दे. हेल्मेटच्या आत डोक्याभोवती पट्टा असतो आणि त्याला घट्ट-सैल करायला खाचा असतात. तुझ्या नवऱ्याचा पट्टा आता कितव्या खाचेवर आहे? आणि टोपी घातल्यावर कितव्या खाचेवर जातो?

थंडीत जपून राहा. माया आहे, ती बोलून दाखवायची सवय नाही.
हेस्टर आत्या


ॲशलंड
१७ जानेवारी १९७८

ती. आत्यास सा. न. वि. वि.

टोपी झाली! काल वाढदिवसाला दिली. लाल आणि करडी.

आता खरं सांगते. नमुना विणला नाही. वाढदिवस जवळ आला होता, आणि दिवसभर बटाट्याच्या वखारीत निवड करून बोटं इतकी आखडतात की चार इंच वाया घालवणं जिवावर आलं. लोकर दुपदरी घेतली, कारण उणे पंचवीस. लुसियनला कळू नये म्हणून माप तो झोपलेला असताना घेतलं, ते तेवीस आलं. तीन वजा करायला मात्र विसरले. तुम्ही म्हणालात तसंच झालं, फक्त आठवडा लागला नाही. त्याने डोक्यात घातली आणि थेट नाकावर आली. तो तसाच स्वयंपाकघरात हात पसरून, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा मला शोधत फिरला.

पण मी उपाय केला. काठ चांगला अडीच इंच दुमडला, आतून ओढून शिवला. आता टोपी जागची हलत नाही आणि कानांवर दुहेरी ऊब झाली. गोंडाही लावला नाही. बघा, ऐकते मी.

आज पहिल्या दिवशी टोळीतल्यांनी त्याची फार चेष्टा केली. हेल्मेट टोपीवर इतकं उंच बसतं की ते म्हणाले, कोंबडी अंड्यांवर बसली आहे. मुकादमाने विचारलं, पिल्लं कधी बाहेर येणार. लुसियन म्हणतो, हसू देत, पहिल्यांदाच माझे कान माझ्याबरोबर घरी आले.

खाचेचं विचारलं होतंत. आधी तिसरी होती. आता शेवटची, म्हणजे आठवी, आणि तरी थोडं डुगडुगतं. पण त्याला सवय होईल.

आज शेजारणीने कुट्टूच्या पिठाची धिरडी दिली आहेत, ती निवायच्या आत पत्र संपवते. शाबासकीची वाट पाहते आहे.
कोरीन


बँगोर
२० जानेवारी १९७८

चि. कोरीन हिस आशीर्वाद.

पत्र आत्ता आलं. टोपी उसव. दुमडलेला काठ सोडवून भागणार नाही, पूर्ण उसव. तोवर त्याने जुनी सुती टोपी घालावी आणि पट्टा तिसऱ्या खाचेवर आणावा. रानात एक दिवसही ही टोपी जाता कामा नये.

पत्राला वेळ लागेल म्हणून टेरिओबाईंच्या दुकानात फोन करून हाच निरोप ठेवला आहे.

उसवल्याचं कळव.
हेस्टर आत्या


ॲशलंड
२४ जानेवारी १९७८

ती. आत्यास,

तुमचा निरोप पोचला. शनिवारी दुकानात वखारीतल्या सहा बायका होत्या. टेरिओबाई गल्ल्यावरून ओरडून म्हणाल्या, कोरीन गं, बँगोरच्या मास्तरीणबाईंचा फोन होता, तुझी टोपी बाद आहे, मुकाट्याने उसव म्हणाल्या. त्यावर कोणी तरी म्हणालं, नवराही उसवायला सांगितलाय का. सगळ्या हसल्या. मी मीठ घ्यायला गेले होते, तशीच परत आले.

आत्या, एक टोपी वाईट विणली गेली तर एवढं काय बिघडलं? कारण तुम्ही लिहीत नाही, कधीच लिहीत नाही. मग मी लिहिते. लुसियन लाकूडतोड्या आहे म्हणून तुम्ही लग्नाला आला नाहीत. आता त्याच्या डोक्यावर मी प्रेमाने घातलेली वस्तूही तुम्हाला सलते. आल्डन काका स्वतः रानातच काम करायचे, आणि रानातच गेले. तुम्हाला तरी त्या कामाचा तिटकारा नसावा असं वाटलं होतं.

मी टोपी उसवणार नाही. तो रोज घालतो आणि आवडीने घालतो. यापुढे मला पत्र लिहू नका.
कोरीन


बँगोर
२७ जानेवारी १९७८

श्री. लुसियन ऊलेट यांस स. न. वि. वि.

कोरीनने तिला पत्र लिहू नका असं कळवलं आहे. ते मी पाळते. तुम्हाला लिहू नका असं कोणी म्हटलेलं नाही. आपली भेट नाही, ती माझी चूक. पत्र पुरतं वाचा, एवढी विनंती.

माझे यजमान आल्डन चौदा वर्षं रानात काम करत होते. १९५६च्या हिवाळ्यात त्यांच्या कंपनीने ॲल्युमिनियमची हेल्मेटं दिली. ती डोक्यावर बर्फासारखी गार पडत, म्हणून मी आत घालायला कानटोपी विणली. लोकर दुपदरी. नमुना विणला नाही; मी गावातली नावाजलेली विणणारी होते, मला नमुन्याची गरज वाटत नव्हती. टोपी मोठी झाली. मी काठ दुमडून आतून ओढून शिवला. कोरीनने केलं तेच, तंतोतंत. त्यांनी पट्टा शेवटच्या खाचेवर नेला. एकदा म्हणाले, हेस्टर, हे जरा डुगडुगतं. मी म्हटलं, डोकं हलवत जाऊ नका. दोघं हसलो.

झाड तोडण्याआधी तुम्ही लोक मान मागे टाकून शेंड्याकडे बघता. तुटून वर अडकलेली वाळकी फांदी दिसते का, ते बघायला. तुमच्यात तिला 'विधवा करणारी' म्हणतात, हे मला माहीत आहे. ११ फेब्रुवारी १९५७ला आल्डननी वर बघितलं. हेल्मेट मागे कलंडून पडलं. ते उचलायला वाकले, तेवढ्यात फांदी आली. हे त्यांच्या कामावरच्या जोडीदाराने मला दफनाच्या दिवशी सांगितलं. त्याला वाटलं, नशिबाची गोष्ट सांगतो आहे. हेल्मेट घरी आणून दिलं, त्यावर साधा ओरखडा नव्हता.

टोपीचं मी कोणालाही सांगितलेलं नाही. माझ्या भावालाही, म्हणजे कोरीनच्या वडिलांनाही, नाही. एकवीस वर्षं सुया हातात धरल्या नाहीत. तुमच्या लग्नाला आले नाही, कारण कोरीनला रानात जाणाऱ्या माणसाशेजारी उभी बघण्याचं धैर्य मला नव्हतं. तिला वाटतं मी तुम्हाला कमी लेखते. तसं नाही.

घरातच करून बघा. टोपी घाला, हेल्मेट चढवा, उभे राहा आणि छताकडे बघा. मग तुम्हीच ठरवा.

कोरीनला हे सांगायचं की नाही, तेही तुमच्यावर सोपवते. तिच्यावर दोष येऊ नये. तो माझा आहे. मी तिला गणित शिकवलं, कारण शिकवलं नाही.
हेस्टर वॉडली


बँगोर
७ फेब्रुवारी १९७८

श्री. लुसियन यांस,

अकरा दिवस झाले. टेरिओबाईंचा फोन दोन दिवस लागत नाही, बर्फाने तारा पडल्या असतील. मोठं पत्र नको. पट्टा कितव्या खाचेवर आहे, एवढा एक आकडा कार्डावर टाकून पाठवा.
हेस्टर वॉडली


ॲशलंड
८ फेब्रुवारी १९७८

ती. आत्या,

लुसियन जिवंत आहे. हे आधी लिहिते. बाकीचं पुढे.

तुमचं पत्र त्याला बुधवारी, एक तारखेला, दुकानात मिळालं. त्याने ते तिथेच उभ्याने वाचलं आणि मला काही न सांगता कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. घरी येऊन टोपी आणि हेल्मेट घालून स्वयंपाकघराच्या छताकडे बघत बसला. नव्हे, उभाच होता. हेल्मेट दाणकन चुलीवर पडलं. मी म्हटलं, काय चाळे चाललेत? म्हणाला, छत गळतंय का बघतो.

गुरुवारी सकाळी त्याने माझी टोपी घडी करून टेबलावर ठेवली, पट्टा दुसऱ्या खाचेवर ओढला आणि बोडक्या डोक्यावर हेल्मेट चढवून निघाला. सुती टोपीही नाही. ती मीच चिंधी म्हणून वखारीत नेऊन संपवली होती. मी दारातून म्हटलं, आत्याने सांगितलं म्हणजे बायकोची वस्तू टाकायची का? तो म्हणाला, परत आल्यावर बोलू. परत आल्यावर मीच बोलले नाही. शुक्रवारीही तो तसाच गेला. मी डबाही हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला.

शुक्रवारी दुपारी मुकादम वखारीत आला. स्वतःची टोपी काढून हातात घेऊन उभा होता. आत्या, त्याने तोंड उघडेपर्यंत मला काय काय दिसलं, ते तुम्हाला लिहून सांगायला नको.

लुसियनने वर बघितलं होतं. फांदी दिसली, पण बाजूला व्हायला एक पाऊल कमी पडलं. हेल्मेटवर बसली आणि तिथून खांद्यावर घसरली. हेल्मेट डोक्यावरच राहिलं. त्याला कपाळापासून मागेपर्यंत तडा गेला आहे. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन्ही कानांच्या पाळ्या गारठून काळ्यानिळ्या झाल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, कान राहतील, आणि इतक्या थंडीत बोडक्याने फिरणारा हा कोण शहाणा?

इस्पितळात त्याचा कोट माझ्या हातात दिला, तेव्हा पत्र सापडलं. मी ते कॉटशेजारच्या खुर्चीत बसून वाचलं. मग दुसऱ्या दिवशी टोपी घेऊन गेले आणि त्याच खुर्चीत बसून उसवली. लुसियन पडल्या पडल्या एका हाताने गुंडा धरत होता. म्हणाला, मला या टोपीत गार वाटत नव्हतं, एवढं आत्याबाईंना लिही. मी म्हटलं, गप्प बस.

मी तुम्हाला काय लिहिलं होतं, ते आठवून मान वर होत नाही. आणि तुम्ही एकवीस वर्षं हे एकटीने धरून ठेवलंत. बाबांना मी सांगितलेलं नाही, तुम्हीच सांगा, पण सांगा.

उसवलेली लोकर सगळी कुरळी झाली आहे. सुया समोर आहेत आणि हात पुढे जात नाही. दीड महिन्याने तो पुन्हा रानात जाणार. तो दुसरं काही करणार नाही, मी विचारून बघितलं. त्याच्या डोक्यावर आता काय घालू?
तुमची कोरीन


बँगोर
१९ फेब्रुवारी १९७८

चि. कोरीन व चि. लुसियन यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहिलं नाही. दुकानात जाऊन लोकर आणली.

सोबत टोपी आहे. लोकर बारीक, एकपदरी. नमुना दोनदा विणला. इंचाला सात टाके आले. डोकं साडेबावीस धरलं, कारण तेवीस हे झोपलेल्या माणसाच्या केसांवरून सैल फितीने घेतलेलं माप होतं. एकशे छत्तीस टाके, दोन सुलट, दोन उलट. काठ दुमडलेला नाही आणि कोणी दुमडायचा नाही. लांबी कानांच्या पाळीखाली अर्धा इंच जाईल अशी. शेंडा सपाट, गाठ बाहेरच्या बाजूला नाही. पहिली विणली ती सैल वाटली, उसवली. दुसरी ठीक होती, तरी उसवली. ही तिसरी आहे. हात पूर्वीसारखा राहिला नाही, एका ठिकाणी सुलटचा उलट झाला आहे. तो फक्त मला दिसतो.

कोरीन, कुरळी झालेली लोकर फेकू नकोस. लडी करून कोमट पाण्यात भिजव, पिळू नकोस, खाली हलकं वजन बांधून वाळत घाल. सरळ होते. पुढची टोपी तू विणायचीस. त्याला दोन लागतील, एक धुवायला. नमुना मला पोस्टाने पाठव, मी मोजेन.

लुसियन, तडा गेलेलं हेल्मेट कोरीन जपून ठेवणार असेल तर ठेवू द्या, पण डोक्याला नवंच घ्या.

कोरीन, तुझ्या बाबांना मी कालच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, जेवलीस का? ईस्टरला आम्ही दोघं तुमच्याकडे येतो. मला धिरडी चालतात.

आभाराचं पत्र लिहू नका. मला जे हवं आहे ते असं: टोपी घालायची, नवं हेल्मेट चढवायचं, घराबाहेर सगळ्यात उंच झाडाखाली जायचं आणि मान मागे टाकून शेंड्याकडे बघायचं. कोरीनने बाजूला उभं राहून हेल्मेटवर लक्ष ठेवायचं. हललं नाही, तर पट्टा कितव्या खाचेवर आहे ते वाचून कळवायचं. चौथी चालेल. पाचवी असेल तर टोपी परत पाठवा, मी उसवीन.

टपालाची वाट बघते आहे.
हेस्टर आत्या