वाढत्या मापाची गिटार

अप्पा, काल मी टपाल नाक्याजवळच्या एका दुकानदारावर उखडले, आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याच्या वाट्याला जे आलं ते खरं तर तुमचं होतं. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून त्याला ऐकून घ्यावं लागलं.

मी युकुलेले घ्यायला गेले होते. तुम्ही हे नावही ऐकलं नसेल. गिटारीचं धाकटं भावंड समजा, चार तारा, त्याही नायलॉनच्या, छातीशी धरून वाजवायचं. भिंतीवर ओळीने टांगलेली होती, गुलाबी, निळी, फुलाफुलांची. मी रंगांकडे बघितलंही नाही. महिनाभर अभ्यास करून गेले होते. तारा पट्टीपासून फार उंच असल्या तर बोटं सोलवटतात, खुंट्या सैल असल्या तर सूर टिकत नाही, आणि सगळ्यांत आधी माप बघायचं. सोप्रानो सर्वांत लहान, त्याहून जरा मोठं कॉन्सर्ट, मग टेनर. तिन्ही हातात घेऊन बघितली. सोप्रानोवर बोटांची गर्दी झाली, टेनरवर करंगळी ताणावी लागली, कॉन्सर्ट हातात नीट बसलं. मी तेच पुढे केलं, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, मोठंच घ्या ना. पुढे कामाला येईल. बोटांचं काय नाय, सवय होते."

पुढे कामाला येईल म्हणे. माझं डोकंच फिरलं.

आपल्या घरात सगळं पुढे कामाला येण्यासाठीच आणलं जायचं. फ्रॉकच्या घेरात चार बोटं कापड दुमडून टीप मारलेली, बुटांच्या टोकात कापसाचा बोळा. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आळीतली सगळीच पोरं तशी वाढली. पण वाद्यसुद्धा वाढत्या मापाचं घ्यावं हे तुम्हालाच सुचलं. मी नऊ वर्षांची आहे. तुम्ही भातगिरणीतून रजा काढून मुंबईला जाऊन आला आहात, आणि दारात उभे आहात, खांद्याला जवळजवळ माझ्याएवढी गिटार. तुमचा चेहरा इतका खूश आहे की मी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी क्लासचे सर तुम्हाला स्पष्ट सांगतात, हिचा हात लहान आहे, लहान गिटार मिळते, बदलून आणा. तुम्ही हसता आणि म्हणता, "हात काय तेवढाच राहणार आहे का?"

तेवढाच राहिला, अप्पा. आजही बांगडीवाली माझा पंजा दाबून बघते आणि शाळकरी मुलींच्या मापाच्या बांगड्या काढते.

दोन वर्षं मी त्या लोखंडी तारांशी झटले. मग गणपतीत पाहुण्यांसमोर तुम्ही मला वाजवायला बसवलंत. बोटं पोचेनात, तारा नुसत्या खडखडल्या, आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "हिच्यात चिकाटीच नाही." दिवाळीआधी गिटार काकांच्या मुलाकडे गेली. ते वाक्य मात्र घरातच राहिलं. मला बघायला आलेल्या मंडळींना मी पोह्यांच्या बशा देत असताना तुम्ही तेच गमतीने ऐकवलंत, आणि सासूबाईंनी ते नीट लक्षात ठेवलं. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं केलं, तुमचं शेवटचं वर्षही मीच काढलं. तरी पेटीच्या क्लासचा फॉर्म तीनदा आणून तीनदा फाडला, कारण मला खरंच वाटायचं की माझ्यात चिकाटी नाही. माप तुमचं चुकलं आणि बोल मला लागला. त्या शेवटच्या वर्षात मी रोज तुमच्या उशाशी बसत होते. एकदा तरी म्हणायचं होतंत की गिटार मोठी होती.

दुकानदाराला यातलं काहीच सांगितलं नाही. पण आवाज चढला. "हात माझा आहे. त्याला जे बसतं तेच द्या," म्हणाले, आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्याने कॉन्सर्ट उतरवलं, तारा जुळवून दिल्या. आज सकाळी गॅलरीत बसले. युकुलेलेचा पहिला कॉर्ड एकाच बोटाने दाबायचा असतो. दाबला, तारा छेडल्या, आणि तो स्वच्छ वाजला. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, की हे इतकं सोपं होतं.

हे पत्र कुठे टाकणार? युकुलेलेच्या बॅगेच्या खिशात राहील. एक सांगायचं राहिलं. काल निघताना त्याने बॅगा दाखवल्या, तेव्हा मी न विचारताच टेनरच्या मापाची उचलली. पुढे मोठं घेतलं तर असू दे म्हणून. आता युकुलेले आत हलतं, तर टोकाला कापसाचा बोळा घालून ठेवला आहे.