सेंदाईचं शेवटचं गाणं

हिरोसाकी,
९ फेब्रुवारी १९७९

चि. मित्सुयोस ताईचे अ. उ. आ.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र फाडू नकोस, आधी वाच. आपला ढोलवाला राइझो गेला. आपल्या गाण्याच्या मंडळीतले आपण नऊजण, सगळे वर्ष-दोन वर्षांच्या अंतराचे. आता उरलो तू आणि मी. अंत्यविधीला सहा माणसं, त्यातला एक भिक्षू. राइझोची सून म्हणाली की, मामंजींनी जायलासुद्धा नेमका बर्फाचा दिवस शोधला. हसू आलं, पण बरोबर हसायला शेजारी कुणी नव्हतं.

रेडिओवाले एप्रिलमध्ये जुन्या कलावंतांचं ध्वनिमुद्रण करणार आहेत. शामिसेनच्या तारा छेडणं माझं, गाणं तुझं. तुला न विचारताच मी हो म्हणून बसले. सेंदाई शहरातल्या त्या शेवटच्या कार्यक्रमानंतर मी सगळ्यांदेखत म्हणाले, तुझा गळा संपला. तो राग आता सोड. ये गं.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
हात्सुए

ओसाका,
२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

राइझोचं वाचलं आणि भरदुपारी दुकान बंद केलं.

न विचारता हो म्हणायची तुझी खोड काही गेली नाही. पण मी येऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. गाठीबरोबर आवाजही गेला. नूडल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांशी पाटीवर लिहून बोलते. एक म्हातारा म्हणतो की, न भांडणारी दुकानदारीण अख्ख्या ओसाकात एवढी एकच.

तुला कळवलं नाही. ‘गळा संपला, मी म्हटलंच होतं,’ असं तू म्हणशील याची धास्ती होती. रेडिओवाल्यांना सांग, धाकटी वारली.

थंडीत बोटं जप.
मित्सुयो

हिरोसाकी,
६ मार्च

चि. मित्सुयो,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

चार दिवस वाद्य खोळीतून काढलं नाही. मग रेडिओचा माणूस आला. त्याला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय आजी, जुनी रेकॉर्ड लावू, तुम्ही तिच्याबरोबर वाजवा. वाजवून पाहिलं. तुझा आवाज ऐकून बोट चुकलं, आणि रेकॉर्ड आपली पुढे निघून गेली. तू मला कधी असं मागे टाकलं नव्हतंस. मी त्याला नाही सांगून परत पाठवलं.

आता ऐक. सेंदाईला गळा तुझा संपला नव्हता. माझी बोटं आखडली होती, लय सुटत होती. मंडळीतून काढतील म्हणून भ्याले आणि दोष तुझ्यावर ढकलला. क्षमा मागत नाही, मला शोभणार नाही. फक्त एकदा येऊन भेटू दे.

तुझी अपराधी
ताई

ओसाका,
१५ मार्च

ती. ताईस,

बोटांचं मला तेव्हाच कळलं होतं. तुला गाठता यावं म्हणून मी सूर लांबवत होते. लोकांना वाटलं, हिचा दम संपला. निदान तू तरी ओळखशील, असं वाटलं होतं. राग त्याचाच. तो पूर्ण गेला, असं खोटं लिहीत नाही.

तरी ये. लोभ उरला असेल तेवढा घेऊन ये. बावीस तारखेला, गुरुवारी, दुकान बंद असतं. सकाळच्या गाडीला मी फलाटावर जिन्यापाशी उभी राहीन. तिथे फार गर्दी असते आणि एवढ्या वर्षांत दोघींचे चेहरे बदललेत. हाक तूच मार.

तुझी
मित्सुयो