अकोल्याचा जोडीचा फोटो

मेडशी, मे १९७४

इंद्रभान दादा,
जयभीम.

लग्नाचा फोटो पाहून माय म्हणे, पोरगी लाजून बाजूले पाहून राह्यली. मी लाजली नाही. मले नागपूरले, दीक्षाभूमीवर फोटो काढाचा होता. मायच्या जावयाले अकोल्याच्या स्टुडिओत, ताजमहालाच्या पडद्यापुढं. मी दुसऱ्यांदा नागपूर म्हटलं, तं त्यानं बुक्कीनं माहं तोंड फोडलं. फोटोवाल्यानं सुजलेला गाल तिकडं वळवून घेतला.

हे पत्र मी धाडत नाही. तू कुऱ्हाड घेऊन येशीन, अन् फाशी तुले होईन.

जावई कसा ऐटीत खिशात हात घालून उभा हाये, म्हणून माय साऱ्या गल्लीले फोटो दाखवते. त्या हाताले फडकं गुंडाळलं हाये, दादा. अंगठ्याचा लचका माह्या दातात आला होता.

तुही लहानी,
भागिरथा