जिनिंग हॉलचे चोवीस दिवे

१४ ऑक्टोबर, सोमवार
मालक सुधाकरराव सकाळी म्हणाले, "वामनराव, जिनिंग हॉलमध्ये एलईडी लावायचे. जरा पाहून घ्या." अख्ख्या मिलमध्ये मलाच म्हणाले. त्या वेळी ऑफिसात मी एकटाच होतो, ही गोष्ट वेगळी. म्हणजे आजपासून लायटिंग इनचार्ज. वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या मोजायचं माझं रोजचं काम काय, कुणीही करेल.
संकल्प : रोज एक कॅटलॉग. बायकोला, कौशल्याला, काम फत्ते झाल्यावरच सांगणे. सुनेच्या बाळंतपणाला हैदराबादला गेली त्याला पाच महिने झाले. मी इथे आदिलाबादला मजेत.

संध्याकाळी
फोन करून सांगून टाकलं. म्हणे, "हळू बोला, बाळ आताच झोपलं."

१७ ऑक्टोबर
कॅटलॉगचं पहिलं पान वाचलं. पुढची तशीच असणार.
इलेक्ट्रिशियन रामाजी म्हणतो, हवेत कापसाच्या रुईची धूळ उडते, फिटिंग पूर्ण बंद पाहिजे, नाहीतर आग. हे मला माहीतच होतं. लिहून घेतलं. वर म्हणतो, "नमुन्याचा एक दिवा चालत्या मशिनीवर लावून पाहा." सीझनआधी एका दिव्यासाठी मशीन चालू करायची? दिवा घरी तपासतो म्हणालो.

२० ऑक्टोबर, रविवार
नमुना बैठकीत टांगला. खाली बसून जेवलो. उजेड उत्तम. घर जास्तच रिकामं दिसलं, पण तो दिव्याचा दोष नाही. पास.

६ नोव्हेंबर
चोवीस दिवे लागले. सीझन सुरू. हॉल लखलखीत! कौशल्याला व्हिडिओ कॉल करून दाखवला. म्हणे, "हे काळे काळे पट्टे काऊन सरकून राह्यले?" हैदराबादचं नेटवर्क. मग नातू दाखवला तिने. तो माझ्याकडे पाहून रडला. उजेड डोळ्यावर आला असेल.

९ नोव्हेंबर
मशिनीवरची सोजरबाई तक्रार घेऊन आली. "सायेब, पट्ट्याचं चाक फिरून राह्यलं का थांबलं, समजूनच नाही राह्यलं. थांबल्यावानी दिसते." वीस वर्षं मशिनीवर आहे. वयाचा परिणाम. डोळे तपासून घ्या म्हणालो. रामाजी म्हणे, दिवा लुकलुकते, आपल्याला दिसत नाही, पण फिरतं चाक उभं दिसते. यालाही वय झालं.
मालकांना सोमवारी रिपोर्ट : समाधानकारक.

१२ नोव्हेंबर
आज हॉलमध्ये राउंड घेत होतो. चाक बंद होतं. म्हणजे बंद दिसत होतं. बाजूला रुईचा पुंजका अडकलेला. हात पुढे केला. सोजरबाईने मागून कॉलर धरून असं ओढलं की दोघंही सरकीच्या ढिगात पडलो. शर्टाची बाही कोपरापर्यंत चाकात गेली. हात माझ्याजवळ राहिला.
रामाजीने मेन स्विच पाडला. सोजरबाई माझा हात चाचपून पाहत होती. म्हणे, "सायेब, मी सांगत होती ना!"
आधी वाटलं लिहावं, बाहीचं कापड कच्चं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.

१५ नोव्हेंबर
मालक माझ्यासमोरूनच हॉलमध्ये गेले. रामाजीला म्हणाले, "तूच पाहा." त्याने दुसरा दिवा चालत्या मशिनीवर टांगला, सोजरबाईला उभं केलं, विचारलं, "चाक दिसते का फिरताना?" ती हो म्हणाली, तेव्हाच घेतला. मी लांबून पाहत होतो. कुणी बोलावलं नाही. मग काट्यावर गेलो.

१७ नोव्हेंबर, रविवार
कौशल्याला सगळं सांगितलं. एकही गोष्ट न बदलता.  मग म्हणे, "हाताले लागलं तं नाही?" नाही म्हणालो. सांगायचं ठरवलं होतं : आणखी दोन महिने आरामात राहा, माझं झकास चाललंय. तोंडातून निघालं, "कधी येतेस?"
म्हणे, सूनबाईची नोकरी लागली, बाळाला कोण पाहील, उन्हाळ्यात बघू.
बरं म्हणालो. मग बैठकीतला नमुन्याचा दिवा उतरवला.