डेझीच्या लग्नाची वाइन

३ ऑगस्ट १९६१
डेझीचं लग्न ठरलं. व्याह्यांसमोर जाहीर करून टाकलं, लग्नात वाइन आमच्याच द्राक्षांची! व्याही एकदम इम्प्रेस. व्हायोलेट आतून म्हणाली, आधी द्राक्षं उतरू देत. बायकोला व्हिजन नाही. या नव्या देशात येण्याआधी बगदादला कापडाचं दुकान होतं, तेव्हाही नव्हती.

६ ऑगस्ट
घड झकास. गेल्या वर्षी या वेली परसातून काढून रस्त्याकडेला लावल्या, ते उगाच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नकोत? शेजारचा सलमान म्हणतो, "शेती करतोयस की शोकेस मांडतोयस?" जळतात लोक.

१० ऑगस्ट, सकाळ
गावाच्या सामाईक टाकीत द्राक्षं तुडवायला सुरुवात. पहिल्या पाट्या माझ्या. मागोमाग सगळ्यांच्या.

संध्याकाळ
घात झाला. गावाचे धर्मगुरू, रब्बी, सहज विचारत होते, वेली हलवताना मुळांची माती तशीच ठेवली होतीस ना? मी अभिमानाने सांगितलं, छे! मुळं धुऊन लख्ख केली, एक कण ठेवला नाही. रब्बींनी तिथल्या तिथे टाकीवर झाकण घालायला लावलं. आमच्या ज्यू धर्मशास्त्रात, मातीच्या गोळ्यासकट हलवली तर वेल जुनी. उघड्या मुळांनी लावली तर नवी. आणि नव्या वेलीचं फळ तीन वर्षं तोंडात घालायचं नाही, विकायचंही नाही. माझ्या पाट्या टाकीत गेल्या म्हणजे आख्खी टाकी बाद.

स्वच्छतेचा असा दंड असतो, हे कुणी आधी सांगायला नको?

१३ ऑगस्ट
टाकी ओतली. वर्षभराच्या सणांची वाइन मातीत गेली. सलमानची बायको रडली. डेझी म्हणाली, "बाबा, लग्नाला याच लोकांना बोलवायचंय ना आपल्याला?" उद्या घरोघर जाऊन माफी मागायची. नक्की.

१४ ऑगस्ट
ऊन फार. उद्या.

२ ऑक्टोबर
माफीला सणानंतरचा मुहूर्त बरा. लग्नासाठी वाइन दुकानातून विकत आणू म्हटलं, तर व्हायोलेट "आधी माफी" म्हणून उठून गेली.

१२ डिसेंबर
लग्न लागलं. आशीर्वादापुरती एक बाटली रब्बींनी आणली. बाकी मांडवात संत्र्याचं सरबत. मी खांबाआड उभा. व्याह्यांनी शोधून काढलंच, "अहो हेस्केल, तुमची ती वाइन कुठाय?"

मी खांबाला आणखी चिकटलो.

सलमान पुढे झाला. म्हणाला, "यंदा गावात कुणाच्याच वेलींना द्राक्षं धरली नाहीत हो. रोग पडला." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच्या बायकोनेसुद्धा.

व्याही हळहळले. डेझी माझ्याकडे बघत होती. मी सलमानच्या पेल्यात सरबत ओतायला गेलो, तर पेला भरून वाहायला लागला तरी ओततच राहिलो. शेवटी सरबताचा जग त्यानेच धरला.