बरणी, डायपर आणि आई

४ मार्च
मावला! महिन्याभराचा सगळा प्लास्टिकचा कचरा एका काचेच्या बरणीत मावला. बरणी बिल्डिंगच्या मीटिंगला नेली. सगळ्यांच्या हातांतून फिरली. ओल्या कचऱ्याचं खत करते म्हणून माझ्यामागे ‘खतवाली’ म्हणतात मला. म्हणू देत. मला आवडतं, खोटं कशाला लिहू?

हे म्हणाले, “आता घरात टाकण्यासारखे आम्हीच उरलोय. आमचंही खत कर.”

७ मार्च
आज जोरात भांडण. आईंना हल्ली बाथरूमपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात व्हायचं ते होतं. मी सासूबाईंबद्दल लिहितेय, माझी आई नाही. यांनी येताना मोठ्यांच्या डायपरचं पाकीट आणलं. केवढं ते प्लास्टिक! मी म्हटलं, आपण सगळे मरून जाऊ, हे कुजणार नाही. पाकीट तसंच्या तसं परत करायला लावलं.

मग डायपरऐवजी जुन्या सुती चादरी काढल्या. आईंनी स्वतः मशीनवर बसून घड्या शिवल्या, चार पदरी, काठ दुमडून. हात अजून काय बसलाय त्यांचा! म्हणाल्या, “तू म्हणशील तसं.”

८ मार्च
घड्या मी धुते. मशीनमध्ये नाही, हाताने. पाणी वाचतं. नाक मुरडलं नाही एकदाही. (एकदा मुरडलं.)

१० मार्च
दोरीवर वाळत घातलेल्या घड्यांचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — ‘आमच्या आई, वय एक्याऐंशी, डायपरला नाही म्हणाल्या!’ दिवसभर टाळ्या आणि बदामांचा पाऊस. हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते.

आणि नाही म्हणालं होतं कोण? मीच की.

१२ मार्च
आईंबरोबर लिफ्टमध्ये होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका भेटल्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आजी, या वयात कापडी वापरता! कौतुक आहे हो तुमचं.” आई हसल्या. ते हसू मला कळायला हवं होतं.

घरात आल्यावर आईंनी चप्पलही न काढता विचारलं, “अगं, सगळ्यांना कळलं का?”

मी म्हटलं, “आई, यात लाजण्यासारखं काय आहे?” वर थोडं भाषणही दिलं. त्या मान हलवत राहिल्या. नंतर फोटो काढून टाकला, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितलाच होता.

१३ मार्च
आई खाली फिरायला गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या.

१६ मार्च
घड्या कमी निघतायत धुवायला. शिस्त लागली! यांना म्हटलं, बघा, सवयीचा प्रश्न असतो सगळा. यांनी पेपरचं पान उलटलं. मी आज दुपारी निवांत झोपले.

१९ मार्च
सकाळी चहा घेऊन गेले तर आई मलाच “वहिनी” म्हणून हाक मारतायत. अंग तापलेलं. ओठ सुकून सालं निघालेली. उठवायला गेले तर हातात जीवच नाही. हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाची. म्हणाली, लघवीचा संसर्ग आहे, आणि शरीरात पाणीच नाही. “पाणी पीत नव्हत्या का?” हे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे.

दुपारी आई थोड्या शुद्धीवर आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच विचारलं. त्या अगदी सरळ म्हणाल्या, “प्यायलं की होतं ना. मग ते तिला धुवावं लागतं.”

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात. आज कळलं का म्हणतात ते.

घड्या कमी निघत होत्या आणि मी खूश होते! घरातलं माणूस वाळत होतं आणि मी त्याला शिस्त म्हणत होते. रात्री घरी येऊन, दार लावून लिहितेय. हेही यायला नकोत आत.

२० मार्च
हे पार्किंगमध्ये एवढंच म्हणाले, “बरणी तर नाही भरली ना?” ओरडले असते तर बरं झालं असतं.

ग्रुपवर कुणीतरी विचारलंय, घड्या कशा शिवायच्या. उत्तर दिलं नाही. खरं काय ते लिहायला घेतलं होतं, पुसलं. अजूनही तिथलं माझं नाव जपतेय मी. शी!

२२ मार्च
तापाने माघार घेतली. सलाईन चालू आहे. डायपरची पाकिटं मीच जाऊन आणली, आईंच्या कपाटाचा अख्खा खण भरला. रबरी चादर आणली. उशाशी पाण्याचा तांब्या, हाताला सहज येईल असा. घड्या पार मागे ठेवून दिल्या.

मग हॉस्पिटलात आईंजवळ बसून बोलले एकदाचं. “माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलंच नाही, सांगितलं फक्त.” त्यांनी माझा हात थोपटला. “अगं, तुझं काय चुकलं? तू सगळ्यांसाठीच करतेस.” मी रडले. हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचीही लाज वाटली. पण रस्त्याने येताना वाटत होतं, आता सगळं नीट होईल. आई घरी येतील, मी समोर बसून पाणी पाजेन.

२४ मार्च
उद्या घरी सोडणार. मी खोलीबाहेरच्या बाकावर पिशवी भरत बसले होते. दार अर्धवट उघडं. आई डॉक्टरीणबाईंना हळूच विचारत होत्या, “अजून थोडे दिवस इथेच ठेवाल का मला?”