न दुखणाऱ्या दाढेची हकीकत

औसा

तीर्थरूप रेणुकादास दाजी यांस,

मेहुणा आदिनाथ याचा औशाहून साष्टांग नमस्कार. इकडे आमची सर्वांची तबियत ठीक आहे. तुमची कशी आहे हे विचारायचा रिवाज आहे म्हणून विचारतो, एरवी सौदामिनीअक्कानं सगळं सांगितलंच आहे. दिवाळीपासून तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असता, जेवण दोन घासांवर आलंय, देगलूरच्या बाजारातला तुमचा कट्टा सुटलाय आणि फोन बंद करून कपाटात ठेवलाय. फोन कपाटात गेल्यावर माणसानं पत्र नाही लिहायचं तर काय करायचं? (हेही कपाटात टाकाल म्हणून अक्काला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलंय. कान तर भिंतीकडं करता येत नाहीत ना?) तिला लई घोर लागलाय. मलाही लागलाय दाजी, पण मी तो पटकन सांगणाऱ्यांतला नव्हे.

आता माझं ऐका. पी.टी.चे मास्तर तालुक्यात पुष्कळ झाले, पण आदिनाथ सरांची शिट्टी वाजली की रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा रांगेत चालायच्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे (मीच सांगितलंय). असा मी, गेल्या लग्नसराईत चाकूरला पंगतीत बसलो असताना, ताटात दुसरी जिलबी पडते न पडते तोच छातीत धडधड, हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, श्वास पुरेना. वाटलं, आटोपला कारभार. मी तिथल्या तिथं आमच्या सौ. शिवकांतेचा हात धरून निरवानिरवीचं बोलायला लागलो. (ती म्हणाली, आधी हातातली जिलबी खाली ठेवा.) लोकांनी जीपमध्ये घालून लातूरला नेलं. तिथं एका पोरगेल्या डॉक्टरनं कार्डिओग्राम काढला, सगळं तपासलं आणि म्हणाला, काका, हृदय बैलासारखं आहे, हा घबराटीचा झटका आहे, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. दाजी, हृदयविकार निघाला असता तर गावात चार लोक भेटायला तरी आले असते. पण घबराट! आणि मला! त्या पोराला उठाबशा काढायला लावणार होतो, पण तेवढा दम नव्हता.

मग झटके वाढतच गेले. बस स्टँड दिसला तरी छाती धडधडायची. शेवटी कुणाला न सांगता लातूरला गेलो. तिथं जिना चढून वर गेलं की डावीकडं दातांचा दवाखाना, उजवीकडं डॉ. मनस्विनी यांचा मनाचा, आणि दोघांत मिळून बाकडं एकच. बाकड्यावरचे सगळेच्या सगळे गालाला हात लावून बसलेले. मीही लावला. तेवढ्यात जिन्यातून कोण यावं? आमच्या शाळेतले विज्ञानाचे रामकिशन सर! (यांच्या कानात गोष्ट पडली की औशात दवंडी पिटायची गरज नसते.) मला पाहताच त्यांचाही हात गालाला. "काय सर, दाढ?" "हाव, दाढ. तुमची?" "दाढच." दातवाल्यांकडं कामाला असलेली पोरगी नंबर विचारायला आली, तर रामकिशन म्हणतात कसे, सरांना आधी घ्या, लई कळ सोसून राहिलेत. गेलो आत. डॉक्टर म्हणाले, दाढ जराशी हलतीय, पण दुखत नसंल तर राहू द्या. दाराला काच होती आणि काचेपलीकडं रामकिशन उभे. मी म्हणालो, दुखतीय, काढा. अशा रीतीनं इज्जत राहिली आणि दाढ गेली. घरी आलो तर तोंड भोपळ्याएवढं, गोळ्या दाताच्या, आणि मनाचा आजार होता तिथंच.

पण मी हार मानणारा नव्हे. पुढच्या खेपेला शिवकांतेला घेऊन गेलो आणि भर बाकड्यासमोर खणखणीत आवाजात प्रश्न झाला, मनाच्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात? दाजी, एकेक करून सगळ्यांचे हात गालावरून खाली आले. दातवाल्यांच्या वाट्याला एकच म्हातारी उरली, तिची खरोखरच दुखत होती.

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्याच, पण शिस्तीच्या. म्हणाल्या, सर, शाळेला आग लागली की घंटा वाजते. तुमची घंटा आग नसताना वाजतीय, एवढंच. घंटा वाजली म्हणून कुणी मरत नाही. श्वास हळूहळू सोडायला शिका, चहा कमी करा, रोज चाला. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करायची नाही. (चहाचं सोडून सगळं पाळतोय.) मग विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास? मी म्हणालो, छे! आमचे दाजी तेवढे पडून असतात, पण तो आळस. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आळशी माणूस पडून सुखात असतो. तुमचे दाजी सुखात आहेत का?

मी तुम्हाला फोनवर काय काय बोललो होतो! हातपाय हलवा, देवानं सगळं दिलंय, रडता कशाला. मला लई वाईट वाटलं दाजी. बाई म्हणाल्या, उदासी हाही आजारच, त्याला औषध आहे, बोलणं आहे. मन लागलं की उठू म्हणून थांबायचं नाही, आधी एखादं बारकं काम करायचं, मन मागून येतं. माणसाला रागवायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं.

आता माझा पराक्रम. बाईंनी मला बसचा धडा दिला. आधी नुसतं स्टँडवर जायचं आणि धडधड ओसरेपर्यंत थांबायचं, मग गाडीत बसून सुटायच्या आत उतरायचं. कंडक्टर हैराण! "सर, चढायचंय का न्हाई, एकदा ठरवा." मी म्हणालो, उपचार चालू आहेत. तो म्हणाला, गाडीचे का? पण आज मी औशाहून लातूरला खिडकीशी बसून एकटा जातो, घंटा वाजली तरी उतरत नाही, आणि रामकिशन शेजारी असले तर त्यांना मोठ्यानं सांगतो, मी मनाच्या डॉक्टरांकडं निघालोय. (ते हळूच म्हणतात, मीपण.) शाळेनं मला निरोपाला शाल दिली होती, तेव्हासुद्धा छाती एवढी फुगली नव्हती.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो पडल्या पडल्या केलात तरी चालेल.

तुमचा मेहुणा,
आदिनाथ

ता. क. शिवकांतेनं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, बाकड्यासमोर खणखणीत आवाजात विचारलं ते तिनं. खरं आहे. मी तेव्हा जिन्यातच होतो.

ता. क. दुसरा. पुढचा धडा मी स्वतः मागून घेतलाय: देगलूर. येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं लातूरहून निघतो. शिवकांता येते म्हणत होती, मीच नको म्हणालो. पण खरं सांगतो, उदगीरपर्यंतच माझी छाती चालेल, पुढं एकट्याच्यानं होणार नाही. तेव्हा तुम्ही अक्काला घेऊन उदगीरच्या स्टँडवर या. दाढी वाढलेली असू द्या, अंघोळ राहू द्या, एक शब्द बोलू नका. नुसते शेजारी बसा, म्हणजे मला पुढच्या गाडीत चढता येईल. मला पोचायला दुपार होईल, आणि माझ्यानं परत फिरणंही होणार नाही. तुम्ही येईपर्यंत मी तिथंच बसून राहीन.